कागद सोड

नंदनवनातल्या आमच्या घरात दुपारी मशीनचा आवाज दोन तऱ्हांचा असे. सरळ शिलाई चालली की एकसारखी खडखड. तोच आवाज थांबत, अडखळत, पुन्हा धावत आला की समजायचं, मोठीआई कुणाच्या तरी अभ्र्यावर अक्षर काढते आहे. पार जगनाडे चौकापर्यंतच्या लग्नघरांचे अभ्रे तिच्याकडे येत.

मोठेबाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. 1 जानेवारी 1877ला व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, आणि जमशेटजी टाटांची ही मिल त्याच दिवशी सुरू झाली. म्हणून ते नाव. घरी येणाऱ्या कापडाच्या टोकाला मिलचा शिक्का असे. मोठीआई तेवढी पट्टी आधी कापून टाकी. ‘‘राणीचं झालं, आता आपलं,’’ म्हणायची.

अक्षर बटर पेपरवर काढायचं, रेघेवर सुईने भोकं पाडायची आणि मातीच्या तेलात कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची. मग मशीनचा पाय काढायचा, दाते खाली करायचे. रिंग हातकामाच्या उलटी लावायची, म्हणजे कापड खाली टेकतं. ‘‘पाय नसला तरी दांडी पाड, नाही तर खाली गुंता होते,’’ हे ती दरवेळी बजावायची. सुई एकाच जागी खालीवर. फिरायचं ते कापडाने. नवराबायकोची दोन अक्षरं एकाच शिरोरेघेखाली येत. ती रेघ ती सगळ्यात शेवटी ओढी, श्वास रोखून.

तिची सहीही तशीच. बँकेत पेन एका जागी उभं धरायची आणि डाव्या हाताने स्लिप सरकवायची. काउंटरपलीकडचे हसत. मला लाज वाटे.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री संमतीच्या कागदावर तिची सही हवी होती. तिचा हात थरथरत होता, म्हणून मी कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. ती चिडली. ‘‘धरून काऊन ठेवला गं? सोड नं.’’

मी सोडला नाही. सही वेडीवाकडी आली. शिरोरेघ राहूनच गेली. चौथ्या दिवशी मोठीआई गेली.

मशीन आता माझ्याकडे आहे. परवा उशीची खोळ शिवायला बसले. टाके एकाच जागी पडत राहिले, कापड काही पुढे सरकेना. वाकून पाहिलं. दाते तिने खाली केलेले होते, ते तसेच होते.