बिनतारी मालिका

जपमाळ आणि मालिका हे दोन शब्द एकाच दोऱ्यात ओवलेले आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मालिका म्हणजे लहानशी माळच. परंतु धर्मग्रामातील घरोघरी फिरणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूस विचारा. गेली पंचवीस-तीस वर्षे या दोन बहिणींत कसे वैर चालले आहे, ते तो सांगेल. सायंकाळी दिवेलागणीनंतर कुटुंबाने एकत्र बसून पवित्र मरियेची प्रार्थना करावी ही आपली जुनी वहिवाट, आणि वाहिन्यांनी आपापल्या लाडक्या मालिका नेमक्या त्याच घटकेला मांडल्या. दाराशी पोहोचताच आतून ‘नमो मरिये’ ऐकू येते की शीर्षकगीत, यावरून घरात किती वेळ बसावयास मिळेल याचा अंदाज आम्ही बांधत असू. शीर्षकगीत असेल तर चहा जाहिरातीत मिळे.

वाशीम जिल्ह्यातील, कारंजा तालुक्यातले कामरगाव हे आमच्या फिरतीतले गाव. तेथे आपली कुटुंबे अगदी मोजकी. सोयाबीन, तूर आणि कापूस यांच्या वेळापत्रकावर चालणारी ही घरे. तेथील एका आजींच्या निमित्ताने मालिका या विषयाकडे आम्हांला जरा निराळ्या नजरेने पाहावे लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

तत्पूर्वी थोडा इतिहास. ज्यांना इंग्रजीत ‘सोप ऑपेरा’ म्हणतात, त्या कथांचा जन्म अमेरिकेत १९३० च्या दशकात नभोवाणीवर झाला. दुपारी घरकामात असलेल्या स्त्रियांसाठी रोज एक तुकडा सांगावयाचा आणि त्याचा खर्च साबण तयार करणाऱ्या कंपन्यांनी करावयाचा, असा तो व्यवहार. म्हणून नावात साबण आला. ‘गायडिंग लाइट’ ही त्यांपैकी एक कथा १९३७ साली नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ साली दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ साली संपली. बहात्तर वर्षे! ज्या बाईने पाळण्याला झोका देताना ती प्रथम ऐकली असेल, तिची पणतीही ती पाहत असावी.

आपल्याकडे ही कला आली ती मात्र साबणासाठी नव्हे. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांनी मालिकांमधून साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांचा प्रचार करून दाखविला होता. तो धडा गिरवून दूरदर्शनने ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू केली. मनोहर श्याम जोशी यांचे लेखन, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. धर्मगुरूच्या दृष्टीने ही योजना आदर्श म्हणावी लागेल. आधी कथा, मग प्रवचन, आणि प्रवचन अवघ्या मिनिटभराचे. पुढे २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ सुरू झाले, त्या काळात आम्ही सेमिनरीच्या उंबरठ्यावर होतो. रविवारी सकाळी साडेनऊला रस्ते ओस पडत. मिस्सा आटोपून मंडळी ज्या वेगाने घराकडे निघत, तो वेग येताना कधी दिसला नाही.

मराठीत रोजच्या रोज चालणारी पहिली मालिका म्हणून ‘दामिनी’चे नाव घेतात. मुंबई दूरदर्शनवर ती १९९७ साली सुरू झाली. त्यानंतर खासगी वाहिन्या आल्या आणि ‘चार दिवस सासूचे’ने तर विक्रमच केला. नोव्हेंबर २००१ पासून जानेवारी २०१३ पर्यंत ती चालली, भाग तीन हजारांच्या वर गेले. नावात चार दिवस आणि प्रत्यक्षात अकरा वर्षे! रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्या त्या सासू-सुनेसमोर आमच्या आजी व त्यांची सून शेजारी शेजारी बसत. पडद्यावरील भांडण पाहता पाहता या दोघींचे भांडण मिटे, असे त्यांचा मुलगा सांगतो. भारनियमनाचे ते दिवस होते. वीज गेली की भाग बुडे, मग दुसऱ्या दिवशी विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, ज्यांच्याकडे वीज होती अशा कोणाकडून तरी तो ऐकून घ्यावा लागे. बुडालेला भाग पुन्हा मिळण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

आजींच्या घरात केबल आली ती खांबावरून, छपरावरून, निंबाच्या फांदीवरून लोंबत. दरमहा थोडे पैसे द्यावयाचे, सगळे दिसे. मग सरकारने केबल डिजिटल करावयाचे ठरविले. टप्प्याटप्प्याने शहरे झाली, आणि शेवटच्या टप्प्यातील खेड्यांना ३१ मार्च २०१७ ही मुदत मिळाली. घरोघरी पेटी बसवावी लागली. १ फेब्रुवारी २०१९ पासून तर ज्या वाहिन्या हव्या त्या निवडून त्यांचेच पैसे भरावयाचे, असा नियम आला. शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे १३० रुपये व कर, आणि पैशाच्या वाहिन्यांची किंमत वेगळी. योजना ग्राहकाच्या हिताची असेलही. परंतु यादी वाचून निवड करणे हे आजींच्या घरात कोणालाच जमण्यासारखे नव्हते. पुढे एका पावसाळ्यात तार तुटली ती तुटलीच. छपरावर सरकारी मोफत डिशची थाळी बसली, पण पैशाच्या वाहिन्या तीवर दिसत नाहीत. आणि आजींचे मन गुंतले होते ‘आई कुठे काय करते’ या स्टार प्रवाहवरील मालिकेत.

ही मालिका २३ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली. मूळ कथा बंगाली ‘श्रीमयी’ची. अरुंधती नावाची गृहिणी सगळ्यांचे सारे करते, आणि तिने काय केले हे कोणालाच दिसत नाही. नवऱ्याचे मन दुसरीकडे गेलेले. तिला ते कळते, घर मोडते आणि ती स्वतःच्या पायांवर उभी राहते. मधुराणी प्रभुलकर यांनी ती भूमिका केली. मालिका सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच टाळेबंदी आली आणि चित्रीकरणे थांबली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. २७ मार्च २०२० च्या सायंकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या, निर्मनुष्य अशा संत पेत्राच्या चौकातून जगाला आशीर्वाद दिला, आणि दुसऱ्याच दिवशी दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले. चर्चचे दरवाजे बंद होते. धर्मगुरू रिकाम्या बाकांसमोर मिस्सा करीत आणि तो भाविकांच्या मोबाइलवर दिसे. आजींनी नातवाच्या मोबाइलमध्ये पाहिलेली पहिली गोष्ट म्हणजे त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा मिस्सा. त्या मोबाइलसमोर डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसल्या होत्या. त्याच खिडकीतून पुढे अरुंधती आली. आपणच दाखविलेल्या वाटेने ती आली, तेव्हा तिला हाकलून देण्याचा अधिकार आम्हांला कितपत उरतो?

तसे पाहिले तर हा प्रकार आपल्या परंपरेत अगदीच नवा नाही. असिसीची संत क्लारा आजारी असल्याने नाताळच्या रात्री उपासनेस जाऊ शकली नाही, तेव्हा दूरच्या चर्चमधील तो सोहळा तिला आपल्या खोलीतच दिसला व ऐकू आला, अशी कथा आहे. त्या आधारे पोप बारावे पायस यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. ना तार, ना पेटी, ना मासिक वर्गणी. आजींना ही कथा सांगितली तेव्हा त्या प्रसन्न हसल्या. “मंग तिले सांगा ना जी, आमची रेंज पा म्हनून!”

रेंजचा प्रश्न खराच होता. टिनाच्या छपराखाली चित्र गोल गोल फिरत राही. ओट्यावर आले की सुरळीत चाले. म्हणून आजींची बैठक ओट्यावर आली. मोबाइल पितळी डब्याला टेकवलेला. एका भागास, चित्राचा दर्जा कमी ठेवला तर, शंभर-सव्वाशे एमबी लागतात. दिवसाच्या दीड जीबीत ते सहज बसते, पण नातवाच्या क्रिकेटनंतर काही उरले असेल तर. नातू कारंज्यास गेला की मोबाइलही त्याच्याबरोबर जाई. मग तो एक युक्ती शिकला. रात्री दोन-तीन भाग उतरवून ठेवी आणि जुना, पडद्याला तडा गेलेला एक मोबाइल आजींच्या स्वाधीन करून जाई.

खरी अडचण आली २०२४ च्या मार्चमध्ये. सायंकाळी साडेसातला लागणारी ही मालिका वाहिनीने दुपारी अडीचला हलविली. ज्यांच्या घरी तार शाबूत होती, त्या बायकांचीही पंचाईत झाली. कारण निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत दुपारी अडीचला बाई शेतात असते. “माही अरुंधती दुपारी नेली ना जी त्याइनं,” आजी आम्हांला म्हणाल्या, “दुपारी मानूस घरी राह्यते काय?” कोठे तरी मुंबईत कोणी तरी असा हिशेब केला असणार की, गृहिणी दुपारी मोकळी असते. जिच्याकडे कोणाचे लक्ष नाही अशा बाईची कथा, आणि तिच्या प्रेक्षकांतील शेतमजूर बाईकडे लक्ष गेले नाही! तेव्हापासून शेजारच्या दोन घरांतील बायकाही रात्री आजींच्या ओट्यावर येऊ लागल्या.

याच सुमारास नातवाने आणखी एक सोय शोधली. वर्गणी भरणाऱ्यांना दूरचित्रवाणीच्याही आधी भाग दाखविण्याची पद्धत या ॲपांनी काढली होती. असे भाग कोणी तरी उतरवून कुठल्याशा समूहावर फुकट टाकी आणि नातू ते आणून देई. आजींच्या मनात मात्र शंका आली. आम्ही गेलो असता त्यांनी नातवासमोरच विचारले, “हे सातव्या आज्ञेत येते काय, फादर?”

नातू उत्तरला, “मी कोनाच्या घरात तं शिरलो नाई ना? अन् कंपनीले काय कमी आहे?”

कायदा सांगणे सोपे होते. आपल्या देशात १९५७ सालचा कॉपीराइटचा कायदा आहे आणि अशी नक्कल त्यात बसत नाही. पण कायद्याने मुलगा गप्प झाला असता, पटले नसते. आम्ही त्याला टाळेबंदीची आठवण दिली. चित्रीकरण थांबले तेव्हा अडचणीत आले ते दिवे उचलणारे, कपडे इस्त्री करणारे, चहा देणारे, रोजंदारीवरचे लोक. तुझी आई कापूस वेचते, तिला किलोच्या हिशेबाने पैसे मिळतात. वजन करून झाल्यावर कोणी त्यातला ओंजळभर कापूस उचलून नेला आणि म्हणाला की मालकाला काय कमी आहे, तर? संत याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांच्या बुडविलेल्या मजुरीविषयी जे आहे, ते त्याला उघडून दाखविले. तो बराच वेळ वाचत राहिला. नंतर एवढेच म्हणाला, “जाहिराती लय येतात फादर, फुकटवाल्यात.” जाहिराती म्हणजेच तुमची वर्गणी, असे आम्ही म्हणालो. आजींना जाहिराती आवडतात, हे त्याला ठाऊक नव्हते. जाहिरातीत त्यांना मान मोकळी करता येते.

मालिकेतील सगळेच आम्हांला पटले असे नाही. घटस्फोट, पुनर्विवाह, मग आणखी गुंतागुंत. विवाहसंस्काराची तयारी करून घेणाऱ्या धर्मगुरूला हे पाहताना अवघडल्यासारखे होते. एकदा तसे बोलून दाखविले. ओट्यावरच्या तीनही बायका आमच्याकडे पाहत राहिल्या. आजी म्हणाल्या, “तिनं नाई सोडलं जी. तिले सोडलं.” सोडणारी आणि सोडलेली यांतील हा भेद धर्मपीठाच्या न्यायालयात कित्येक पानांवर मांडावा लागतो. आजींनी तो चार शब्दांत मांडला. त्यांच्या पाठीमागे बसलेली शेजारीण मान खाली घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळीत होती. तिच्या घरची हकिगत आम्हांला ठाऊक होती, येथे लिहिण्याची नाही. पुढच्या आठवड्यात ती कचेरीत आपण होऊन आली आणि तासभर बोलली. एवढे बोलावयास तिला आमच्या कोणत्याही प्रवचनाने प्रवृत्त केले नव्हते.

मग वैर मिटले का, असे कोणी विचारील. मालिका केव्हाही पाहता येते, म्हणजे सायंकाळ मोकळी झाली, आता जपमाळ निर्वेध व्हावी, अशी आमचीही भाबडी अपेक्षा होती. बहुतेक घरांत तसे झाले नाही. पूर्वी एका पडद्यासमोर चौघे बसत. आता चौघांचे चार पडदे, आणि वेळेचे बंधन नसल्यामुळे कोणतीच वेळ मोकळी नाही. आजींच्या सुनेनेही स्वतःचा मोबाइल घेतला आहे. भाकरी थापताना ती निराळी मालिका पाहते. सासू-सुनेला एकत्र भांडावयास आता विषय उरला नाही, याची आजींना खंत आहे. त्यांच्या ओट्यावर मात्र जपमाळ आधी होते. कारण विचारले तर भक्तीचे सांगत नाहीत. तोवर जुना मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो म्हणतात. पाच दशके झाली की बॅटरी साधारण भागापुरती भरते.

३० नोव्हेंबर २०२४ रोजी मालिका संपली. पाच वर्षांस तीन आठवडे कमी. आम्ही नाताळच्या आधी गेलो तेव्हा आजी उदास असतील असे वाटले होते. त्या नातवाला सांगत होत्या की, पहिला भाग काढ. सगळे भाग अजून आहेत, हे त्याने त्यांना दाखविले होते, आणि केबलच्या काळात बुडालेले भाग त्यांना आता एकेक करून भरून काढावयाचे होते. सूनही त्या दिवशी हात पुसत बाहेर आली. “आई, थांबा जरा,” ती म्हणाली, “टाळेबंदीच्या आधीचं मीबी पाह्यलं नाई.” आजींनी सरकून तिला जागा करून दिली आणि मोबाइल डब्यावर थोडा तिरका केला.