कमान मिळाली, नाला राहिला

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. ठिकठिकाणी आपली तरुण मुले-मुली पहिल्यांदाच सभागृहात गेली. निळा गुलाल उधळला गेला, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घातले गेले, सत्काराचे फोटो सगळीकडे फिरले. आम्हाला आनंदच झाला. पण या आनंदात एक कडू अनुभव सांगणे आमचे कर्तव्य आहे. कारण २०१६ साली आम्हीही असाच गुलाल अंगावर घेऊन एका 'क' वर्ग नगरपरिषदेत गेलो होतो, आणि तिथे आमच्याच डोळ्यांदेखत, आमच्याच वर केलेल्या हाताने, आमच्या वस्तीचे नुकसान झाले. ते कसे झाले हे नव्या नगरसेवकांना कळले पाहिजे.

समाजशास्त्रात एम.ए. करताना सत्ता, प्रभुत्व, जात-वर्ग यांवर आम्ही भरपूर वाचले होते. परंतु सत्ता म्हणजे सभेच्या विषयपत्रिकेवरचा तेविसावा विषय असू शकतो, हे कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

आमचा प्रभाग दोन सदस्यांचा. एक जागा अनुसूचित जाती महिलांसाठी राखीव, दुसरी सर्वसाधारण. बौद्ध वस्तीची मते प्रभागाच्या जेमतेम चौथाई. म्हणजे जागा आपली, पण निवडून कोणी यायचे हे ठरवणार बाकीचे तीन हिस्से. १९३२ च्या पुणे करारानंतर राखीव जागा संयुक्त मतदारसंघात गेल्या, तेव्हा बाबासाहेबांना कसली भीती वाटत होती, हे आम्हाला प्रचाराच्या पहिल्या आठवड्यातच समजले. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, समंजस आहात, आंदोलन वगैरे करणार नाही ना?" असे आम्हाला तीन-चार घरांतून विचारले गेले. आम्ही हसलो आणि काहीच बोललो नाही. ती आमची पहिली तडजोड.

निवडून आल्यावर दिवस कसा जातो? पहाटे साडेपाचला फोन. "ताई, नळच आला नाही." पाणी पाच दिवसांआड येणार आणि त्याच दिवशी व्हॉल्व्हमनने आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह अर्धाच फिरवलेला. सातला घंटागाडी आली नाही म्हणून फोन. नऊला निराधार योजनेचा अर्ज घेऊन दारात बसलेल्या आजी. अकराला नगरपरिषदेत गेले की मुख्याधिकारी साहेब मिटिंगला गेलेले. दुपारी कोणाच्या मुलाला सरकारी दवाखान्यात खाट मिळत नाही, संध्याकाळी नवरा-बायकोचे भांडण, रात्री पोलीस ठाणे. यातले निम्मे काम नगरसेवकाचे नाहीच. पण ज्या समाजाला कुठल्याच कार्यालयात कोणी ओळखत नाही, त्याला एक ओळखीचा माणूस मिळाला की तो सगळी दारे त्याच्याच हाताने ठोठावणार. त्यात त्याची चूक काय?

चूक आमची झाली. या धावपळीला आम्ही राजकारण समजलो. खरे राजकारण त्या वेळी दुसऱ्याच खोलीत, विषयपत्रिकेचा कागद टाईप होताना चालू होते.

सभागृहात आमची जागा काय होती तेही सांगतो. सभेची नोटीस घेऊन येणारा शिपाई ती आमच्या मिस्टरांच्या हातात देऊन जायचा. इंजिनिअर साहेब साइटवर आमच्याशी न बोलता त्यांच्याशी बोलायचे. "मिस्टरांना पाठवा, समजावून सांगतो," हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल! महाराष्ट्राने २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण दिले, पण खुर्ची दिली म्हणजे कान दिले असे होत नाही. शेवटी आमच्या मिस्टरांनीच साहेबांना हात जोडून सांगितले, "नगरसेवक मी नाही, त्या आहेत." त्यानंतर ते नगरपरिषदेच्या पायऱ्या चढले नाहीत. विषय समित्या ठरल्या तेव्हा आम्हाला मोठ्या प्रेमाने स्वच्छता समिती देऊ केली गेली. बांधकाम नाही, पाणीपुरवठा नाही, नियोजन तर नाहीच. झाडू हातातून सुटला तरी तो समितीच्या रूपाने परत आणून देण्याची या व्यवस्थेची हातोटी विलक्षण आहे. आम्ही ती समिती घेतली, कारण सफाई कामगारांचे हातमोजे आणि गमबूट यांचा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटत होता. पण देणाऱ्यांच्या मनात हातमोजे नव्हते, हे आम्हाला माहीत होते.

आता मुख्य गोष्ट.

आमची वस्ती गावाच्या उताराला आहे. वस्त्या उताराला का असतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पावसाळ्यात वरच्या आळ्यांचे पाणी आमच्याकडे येते आणि आमचे पाणी कुठेच जात नाही. मुख्य नाल्यापर्यंत पक्की नाली न्यायची तर ती एका 'प्रतिष्ठित' गल्लीच्या कडेने न्यावी लागते. दोन वर्षे पाठपुरावा करून आम्ही तो विषय सर्वसाधारण सभेपुढे आणला. मसुद्यात शब्द स्पष्ट होते : वस्तीपासून मुख्य नाल्यापर्यंत बंदिस्त नाली बांधणे.

त्या सभेच्या विषयपत्रिकेवर एकतीस विषय होते. सातवा विषय होता आमच्या वस्तीच्या तोंडाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाची भव्य कमान उभारण्याचा. हा विषय आम्ही मागितला नव्हता. सत्ताधारी गटाने स्वतःहून आणला होता. १४ एप्रिल दोन महिन्यांवर आलेला. वस्तीतील तरुण सभागृहाबाहेर जमलेले. सूचक कोण, तर ज्यांच्या गल्लीतून नाली जाणार होती तेच सदस्य. अनुमोदक म्हणून आमचे नाव पुकारले गेले. सगळ्यांनी बाके वाजवली. आम्ही हात वर केला. बाहेर घोषणा झाल्या. खोटे कशाला बोला, आमचेही डोळे भरून आले होते.

त्या भारावलेल्या वातावरणात पुढचे विषय वाचले गेले. "विषय क्रमांक तेवीस, नाली बांधकाम. मंजूर?" "मंजूर." आम्हीही मंजूर म्हणालो. दोन्ही कामे एकाच दिवशी झाली म्हणून रात्री घरी गोड केले.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच होता : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कोणी वाचत नाही. आम्हीही वाचले नाही. इतिवृत्त कायम झाले.

कमान १४ एप्रिलच्या आधी उभी राहिली. नालीचे काम पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाले आणि वस्तीच्या शेवटच्या घरापाशी येऊन थांबले. आम्ही विचारायला गेलो तेव्हा इंजिनिअर साहेबांनी फाईल समोर ठेवली. ठरावात लिहिले होते, "वस्तीअंतर्गत, उपलब्ध निधीनुसार." 'मुख्य नाल्यापर्यंत' हे दोन शब्द नाहीसे झाले होते. पुढे कळले की त्या गल्लीतून तक्रार गेली होती. वस्तीचे पाणी आमच्या दारावरून नको. पाणी! पाण्याला जात नसते असे आपण म्हणतो. वस्तीतून निघालेल्या पाण्याला असते.

त्या पावसाळ्यात नवी कोरी नाली भरली आणि तोंड बंद असल्यामुळे उलटी वाहू लागली. शेवटच्या घरातल्या आजी रात्रभर नातवाला मांडीवर घेऊन कॉटवर बसून होत्या. घरात गुडघाभर घाण पाणी. सकाळी आम्ही गेलो तर त्या एकच वाक्य बोलल्या, "पोरी, नाली नव्हती तेव्हा पाणी येऊन निघून तरी जायचं."

आम्ही सभेत आवाज उठवला. उत्तर तयार होते : "ताई, ठरावाला तुम्हीच मंजुरी दिली आहे. इतिवृत्त तुमच्या उपस्थितीत कायम झाले आहे." कायद्याने ते बरोबर होते. आणि वस्तीत काय झाले? आम्ही कमानीबद्दल बोललो तेव्हा आपलेच काही तरुण चिडले. "ताईंना बाबासाहेबांची कमान खुपते," असे बोलले गेले. आमचा कमानीला विरोध कधीच नव्हता आणि आजही नाही. ज्या गावात आपले नाव घ्यायला लाजत होते, त्या गावाच्या रस्त्यावर बाबासाहेबांचे नाव असणे ही लहान गोष्ट नाही. प्रश्न हा आहे की ती कमान कोणी दिली, कधी दिली आणि तिच्या आड काय काढून घेतले.

त्या काळात आम्हाला महाडची आठवण पुन्हा पुन्हा होत असे. दरवर्षी २० मार्चला आपण चवदार तळ्याची गोष्ट सांगतो, पण तिच्यातला नगरपालिकेचा भाग घाईने सांगून टाकतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण आले. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. पुढची तीन वर्षे तो ठराव दप्तरात होता आणि तळ्यावर आपला एकही माणूस नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कुठे कागदावरचा ठराव ओंजळीत आला. आणि मग नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तोच ठराव रद्द केला. न्यायालयातील लढा १९३७ पर्यंत चालला.

या इतिहासातून आम्ही दोन गोष्टी घेतो. ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला असे नाही. आणि मिळालेला ठराव सभागृह परत घेऊ शकते, कधी उघड रद्द करून, कधी दोन शब्द गाळून. महाडच्या नगरपालिकेला निदान उघडपणे ठराव रद्द करावा लागला. आमच्या सभागृहाला तेवढेही कष्ट पडले नाहीत, कारण आम्ही टाळ्या वाजवण्यात गुंतलो होतो.

१ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदांना घटनात्मक दर्जा दिला, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांच्या जागा राखीव केल्या, बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा असे १८ विषय नगरांसाठी लिहिले. ही मोठी देणगी आहे. पण आरक्षण आपल्याला सभागृहाच्या दारातून आत नेते. आत गेल्यावर कागद वाचायचे काम आपले आहे. ते आरक्षण करून देत नाही.

म्हणून नव्या नगरसेवकांना आमचे सांगणे आहे. विषयपत्रिका हाती आली की ती एकट्याने वाचू नका, वस्तीत वाचा. शिकलेली चार मुले जवळ बसवा. आपल्या विषयाचा मसुदा लेखी द्या आणि पोच घ्या. सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मागा, ते कायम होण्याआधी मागा, आणि मसुदा शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहा. फरक दिसला तर हरकत लेखी नोंदवा. ठराव बेकायदेशीर किंवा लोकांना त्रासदायक असेल तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, हे ध्यानात ठेवा. आपल्या घटकांसाठी राखून ठेवायचा निधी दरवर्षी कुठे खर्च झाला, हे अंदाजपत्रकाच्या सभेत उभे राहून विचारा. आणि न मागता काही मिळाले, तर त्याच दिवशीच्या विषयपत्रिकेतले बाकीचे सगळे विषय दोनदा वाचा.

कार्यकर्त्यांनाही एक विनंती आहे. नगरसेवकाला पहाटे नळासाठी फोन जरूर करा, पण महिन्यातून एकदा त्याला विचारा, "मागच्या सभेत आपल्या वस्तीबद्दल काय लिहिले गेले, दाखवा." हा प्रश्न आम्हाला पाच वर्षांत कोणीही विचारला नाही. विचारला असता तर आम्ही ते इतिवृत्त वाचले असते. याची जबाबदारी आम्ही वस्तीवर ढकलत नाही. वाचणे आमचेच काम होते.

आमची मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे राज्यघटना सांगते, पण ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका रखडल्या आणि कित्येक वर्षे प्रशासकच नगरपरिषद चालवत राहिले. आमच्याकडे ना खुर्ची होती ना मत. तेव्हा वस्तीतील महिलांनी माहितीच्या अधिकारात मूळ मसुदा, ठराव आणि मोजमाप पुस्तिका या तिन्हींच्या प्रती काढल्या आणि एकाच कागदावर तिन्हींतले शब्द ओळीने लिहिले. तो कागद घेऊन त्या दर महिन्याला प्रशासकांच्या दारात बसल्या. आजी पुढे असायच्या. त्यांना वाचता येत नाही, पण 'मुख्य नाल्यापर्यंत' हे शब्द कागदावर कुठे आहेत ते त्या बोट ठेवून दाखवायच्या.

शेवटी नाली पुढे सरकली. आज ती त्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आली आहे आणि तिथे थांबली आहे. नवे सभागृह आता बसले आहे. उरलेल्या कामाचा विषय पुन्हा विषयपत्रिकेवर यायचा आहे. या वेळी सभागृहात आम्ही नसू. आपल्यातलीच एक तरुण मुलगी त्या जागेवर आहे. आम्ही तिला पुष्पगुच्छ दिला नाही. आजींनी जपून ठेवलेला तो कागद दिला.

जयभीम!