फाइल आहे, पण सापडत नाही



आपल्या संगणक कक्षातील फळ्यावर एका कोपऱ्यात चार ओळी मराठीत लिहिलेल्या आहेत. त्या कुणी पुसू नयेत, अशी सूचना मी दिली आहे. त्यामागचे कारण सर्वांना कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

यंदा विज्ञान प्रदर्शनासाठी अकरावीच्या एका विद्यार्थिनीने कुंड्यांना वेळेवर पाणी देणारे यंत्र करायला घेतले. त्यात अर्डुइनो बोर्ड असून त्यावर एटीमेगा३२८ नावाची इवलीशी चिप आहे. प्रोग्राम लिहायचा आपल्या संगणकावर, पण तो चालणार चिपवर. त्यामुळे नेहमीचा कम्पायलर इथे उपयोगाचा नाही. त्यासाठी ‘एव्हीआर-जीसीसी’ हा खास कम्पायलर लागतो. मुलीने तो बसवला आणि पहिल्याच वेळी पडद्यावर इंग्रजीत ओळ आली : ‘एसटीडीआयओ.एच’ अशी फाइल नाही. गंमत म्हणजे तीच फाइल संगणकात तिला डोळ्यांनी दिसत होती!

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी तिचे वडील माझ्याकडे आले. “सर, हिचं इंग्रजी कच्चं आहे. विषय बदलून द्या.” अर्ज लिहूनच आणला होता. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली आहे. इंग्रजी सूचना वाचताना मनावर येणारे दडपण मला चांगलेच ठाऊक आहे. मी त्यांना म्हटले, “अर्ज राहू द्या. आधी आपण दोघे कक्षात जाऊन पाहू.”

आमच्या संगणक शिक्षकांनी जे समजावले, ते थोडक्यात असे. हेडर फाइल म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार फंक्शनांची कम्पायलरला ओळख करून देणारे पत्रक. तिचे नाव टोकदार कंसात लिहिले, तर कम्पायलर आपल्या ठरलेल्या फोल्डरांतच शोधतो. दुहेरी अवतरण चिन्हांत लिहिले, तर आधी आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरात पाहतो. म्हणजे ‘फाइल नाही’ याचा अर्थ एवढाच की, ‘मी जिथे पाहिले तिथे नाही.’

मुलीने कम्पायलरला संगणकाच्या हेडरांचे फोल्डर दाखवूनही पाहिले होते. तेव्हा ती फाइल सापडली, पण तिच्या आतून मागितलेली दुसरी सापडेना. तो कम्पायलर तिथेच अडला, हे बरेच झाले. ती हेडर संगणकासाठी होती, चिपसाठी नव्हे. नाव एकच असले तरी अर्थ बदलतो. आपल्या संगणकावर ‘इंट’ ४ बाइटचा, तर त्या चिपवर २ बाइटचा. त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आपल्या इंदूरकरांना हे वेगळे सांगायला नको. हिंदीत ‘शिक्षा’ मिळाली तर मूल शिकते, मराठीत मिळाली तर रडते!

दोष मुलीच्या इंग्रजीत नव्हताच. चिपसाठीच्या हेडर फाइली ‘एव्हीआर-लिबसी’ या संचात असतात आणि आमच्या संगणकांवरील उबुंटूमध्ये तो कम्पायलरपासून वेगळा बसवावा लागतो. तो मोफत आहे. संच बसवला आणि प्रोग्राम कम्पाइल झाला.

वाचनालयातील जुन्या टर्बो सी++च्या पुस्तकांबाबतही मुलांची अशीच अडचण होते. त्यांत ‘आयओस्ट्रीम.एच’ असते. १९९८ च्या सी++ प्रमाणात हे नाव शेवटच्या ‘.एच’शिवाय आले, म्हणून पुस्तकातला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवला तर आजचा जीसीसी अडतो. ‘कोनिओ.एच’ तर डॉसच्या काळातील. ती लिनक्सवर नसतेच. मुले मात्र समजतात, आपलेच काही चुकले.

त्या मुलीने लिहिलेल्या चार ओळी अशा :

१. सर्वांत वरची चूक आधी वाचा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच येतात.
२. नावाचे अक्षर न् अक्षर तपासा. लिनक्समध्ये लहान-मोठी लिपी वेगळी धरतात.
३. कम्पायलर कुठे शोधतो ते त्यालाच विचारा. आज्ञेत ‘डॅश व्ही’ जोडले की तो फोल्डरांची यादी देतो.
४. दुसऱ्या यंत्राची हेडर उसनी आणू नका. आपल्या कम्पायलरची बसवा.

विश्वस्त मंडळींना विनंती की, जुनी पुस्तके रद्दीत न काढता त्यांवर ‘जुना कम्पायलर’ अशी चिठ्ठी लावण्यास अनुमती द्यावी. पालकांनाही सांगणे आहे : विषय बदलण्याचा अर्ज करण्यापूर्वी एकदा कक्षात येऊन मुलाचे नेमके कुठे अडले आहे, ते पाहा. त्या वडिलांनी आपला अर्ज स्वतःच परत नेला. जाताना लेकीला म्हणाले, “ती तिसरी ओळ मलाही नीट समजावून सांग.”