गवत-मातीचे घर

आइसलँडच्या उत्तरेला स्कागाफ्यर्दुर भागात गेलो, तेव्हा ग्लोयम्बाइरचे जुने शेतघर पाहिले. बांधकामाजोगा दगड जवळपास नाही; म्हणून माती गवताच्या मुळांसकट कापून तिचे तिरके थर रचलेले. छपरावरही तीच. आत लांब, अंधारा बोळ आणि टोकाला बाधस्तोवा. घरधनी, गडीमाणसे सारी तिथेच झोपत, जेवत, लोकर विंचरत. १९४७ पर्यंत इथे वस्ती होती. १९५२ पासून संग्रहालय आहे. अशी भिंत टिकते ती मात्र पुन्हापुन्हा रचूनच. आपल्याकडे ‘मण्णिन मने’ म्हणजे गरिबी, असे म्हणून आपण मोकळे होतो. गावी आमच्याही मातीच्या घराचा सौदा ठरत आलाय. धाकट्या भावाला तिथूनच फोटो पाठवला. त्याचे उत्तर आले, ‘दादा, दरवर्षी लिंपणार कोण?’