दोन गुडघे, एकच सराव

घरातील एखादे मूल खेळाडू होऊ लागले की वडीलधाऱ्यांच्या वाट्याला कौतुक आणि काळजी ही दोनच कामे येतात, असा सर्वसाधारण समज आहे. गेल्या दीड वर्षात मला तिसरेही काम मिळाले, ते म्हणजे सोबत सराव करण्याचे. ते आपणांस सांगावे, म्हणून हा लेख.

माझी नात जळगावच्या एका महाविद्यालयात शिकते आणि बास्केटबॉल खेळते. मी धुळ्यात राहतो. वय ७६. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आहे. त्यामुळे पारोळा-एरंडोलमार्गे जाऊन तिचे सामने पाहणे मला सहज जमते.

आपल्या पिढीला हा खेळ कबड्डी-खोखोइतका जवळचा नाही. १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर टांगून तो सुरू केला. कडे आजही तितक्याच उंचीवर असते. दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांत खेळाडू धावतो, एकाएकी थांबतो, वळतो, उडी मारतो आणि खाली येतो. गुडघ्याला जपावे लागते ते या शेवटच्या क्षणी.

महाविद्यालयीन खेळाडूची वाट पायरीपायरीची असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. आमच्याकडे ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. त्यापुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि २०२०पासून खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धाही. नातीच्या टेबलावर २०१७च्या भारतीय महिला संघाचे छायाचित्र आहे. बंगळूरुला आशिया चषकाच्या ‘ब’ विभागात या संघाने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले. त्यात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे ती भारताची कर्णधारही झाली. “आबा, ती मराठीच आहे,” असे नात मला अनेकदा सांगते.

दुसऱ्या वर्षी तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. त्यानंतर काही दिवसांतच सरावात उडीवरून उतरताना तिचा गुडघा आत वळला. कोणाचा धक्का लागला नव्हता. गुडघ्यातील महत्त्वाचा अस्थिबंध तुटला होता. अशा दुखापती पुष्कळदा टक्कर न होताच होतात आणि मुलींमध्ये त्यांचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असते. शस्त्रक्रिया झाली. किमान नऊ महिने मैदान नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. एकोणीस वर्षांच्या मुलीला नऊ महिने म्हणजे अख्खा हंगाम. ती विश्रांतीसाठी आमच्याकडे धुळ्याला आली.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना हे ठाऊक असेल, की अशा वेळी सूज उतरते, टाके निघतात, पण मन लवकर सावरत नाही. सूनबाईंनी तिला उपदेश केला नाही. सकाळी व्यायामाची वेळ, दुपारी वरण, कळण्याची भाकरी आणि अंडे, रात्री वेळेवर झोप, एवढा क्रम मात्र मोडू दिला नाही. मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू पुन्हा बळकट करायचे, हे मुख्य काम होते. तिला एकटीने करायचा कंटाळा येई. एके दिवशी म्हणाली, “आबा, तुमचाही गुडघा दुखतो ना? मग करा की माझ्याबरोबर.”

माझ्या गुडघ्यांची झीज झालेली. माझ्या डॉक्टरांना विचारून मी दोनच व्यायाम घेतले. पहिला, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे आणि सावकाश बसणे. दुसरा, स्वयंपाकघरातील ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे. सुरुवातीला मी चार सेकंद टिकलो. तीन महिन्यांनी पंधरा. म्हातारपणी पडण्याचा धोका कमी करण्यास पायांची ताकद आणि तोल यांचा सराव उपयोगी पडतो. तिला उडीवरून नीट उतरायचे होते, मला न्हाणीघरातून नीट बाहेर यायचे होते. लागणारे बळ एकच.

सहाव्या महिन्यात घरात वाद झाला. संघनिवड जवळ आली होती. मैत्रिणींचे फोन येत. नात म्हणे, आता दुखत नाही, जाऊ द्या. तिचे वडील म्हणत, खेळच सोड. फिजिओथेरपिस्टने दोन्ही पायांची ताकद मोजली, तेव्हा शस्त्रक्रियेचा पाय अजून बराच मागे होता. दुखणे थांबणे आणि पाय तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईने परतलेल्या खेळाडूचा अस्थिबंध पुन्हा तुटण्याची शक्यता वाढते. मी मुलाला एवढेच म्हणालो, “आज तिला थांबवू, कायमचे नको.” त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी मात्र सतरंजी तिनेच अंथरली.

तो हंगाम तिने मैदानाबाहेर बसून, गुणलेखन करीत काढला. अकराव्या महिन्यात चाचणी समाधानकारक आली आणि ती सरावाला परतली. आता ती महाविद्यालयाच्या संघात आहे. विद्यापीठाच्या संघात पुन्हा येईल का, हे पुढच्या निवडीत ठरेल.

वाचकहो, आपल्या घरातही असे कोणी थांबलेले असेल. त्याला धीराचे शब्द द्याच. पण जमल्यास डॉक्टरांना विचारून त्याच्या शेजारी एक खुर्ची ओढा आणि दहा वेळा उठा-बसा. मोजायचे काम त्याच्याकडे द्या. आमची नात अजूनही रोज संध्याकाळी फोनवरून माझा आकडा विचारते आणि तो कमी असला तर चांगली रागावते.