जागल

माझी साप्ताहिक सुट्टी रविवारी क्वचितच येते. वर्ध्याजवळच्या एका रुग्णालयात मी परिचारिका आहे. ड्यूटीच्या तक्त्यात ज्या वारापुढे ‘ऑफ’ लिहिलेलं असेल, तो आमचा रविवार. त्या दिवशी घरच्यांना कामं असतात, मुलांना शाळा असते. मुंबईचा समुद्र आम्हाला रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या पुढे. एका दिवसात जाऊन येण्यासारखं जे आहे ते पस्तीसेक किलोमीटरवर : बोरचं जंगल. गेली काही वर्षं माझ्या बहुतेक सुट्ट्या तिथे गेल्या आहेत.

सेलूवरून हिंगणी, हिंगणीवरून बोरधरण. डिसेंबरात या रस्त्याने पहाटे निघालं की दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि शेंगांनी वाकलेली तूर दिसते. मग वावरं संपतात, सागाची रांग सुरू होते आणि हवा एकदम गार होते. बोरला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. गाभ्याचा विचार केला तर देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पण त्याची जागा मोक्याची आहे. ताडोबा, पेंच, मेळघाट, उमरेड-कऱ्हांडला या जंगलांच्या मधे ते आहे. एका जंगलातून दुसऱ्यात निघालेल्या वाघाला इथे थांबता येतं.

पहिल्यांदा गेले ती अर्थातच वाघासाठी. वाघ दिसला नाही. गाइडने जिप्सी थांबवून अस्वलाने उकरलेलं वारूळ दाखवलं. सागाच्या खोडावरचे नखांचे ओरखडे कुठले ताजे आणि कुठले जुने, ते सांगितलं. धरणाच्या पाण्यालगत सांबराची मादी पिल्लाला घेऊन उभी होती. एकाएकी लांबून चितळाचा कॉल आला आणि तिचे कान ताठ झाले. आम्ही सगळे श्वास धरून बसलो. आयसीयूमध्ये मॉनिटरचा आवाज बदलला की आम्हा सिस्टर लोकांची मान जशी वळते, तशीच तिची मान वळली होती. तेव्हापासून मला हे जंगल परकं वाटलं नाही.

तोच गाइड पुढच्या दोन-तीन खेपांनाही भेटला. जानेवारीतल्या एका सकाळी त्याचे डोळे लाल दिसले. मला वाटलं, ताप असेल. विचारलं तर म्हणाला, “ताप नाही जी, ताई. रात्री जागलीले होतो. वाघापायी नाही, डुकरापायी झोप नाही लागत.” त्याचं तीन एकर वावर जंगलाच्या कडेला आहे. हरभरा घाटे धरतो तेव्हा रानडुकरं आणि रोही रात्री उतरतात. मचाणावर बसायचं, शेकोटी पेटवायची, डबा वाजवायचा, बॅटरी फिरवायची. पहाटे घरी जाऊन तोंड धुवायचं आणि गेटवर पर्यटकांसाठी हजर व्हायचं. ज्या रोह्याचा मी कौतुकाने फोटो काढला, तो रात्री कुणाच्या वावरात होता हे त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर पंधराएक दिवसांत आमच्या वॉर्डात एक शेतकरी आला. शेतपंपाला वीज रात्रीची, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला गेला होता. अंधारात धुऱ्यावर रानडुक्कर अंगावर आलं. मांडी सुळ्याने उभी फाटलेली होती. मी जखम धुत होते आणि तो एकच विचारत होता, “सिस्टर, मोटर बंद कराची राहिली, कोणाले सांगू?” गाव विचारलं. माझ्या सुट्टीच्या रस्त्यावरचंच निघालं.

त्या रात्री मला नीट कळलं की माझी सुट्टी आणि माझी ड्यूटी एकाच रानातून येते. मी ज्या शांततेसाठी जाते, तिची किंमत दुसरं कुणीतरी जागून आणि रक्त सांडून देतं. म्हणून जंगलाचा राग करावा असं मात्र मला वाटत नाही. त्या शेतकऱ्यानेही तो केला नाही. किंमत वाटून घ्यावी, एवढंच वाटतं. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातल्या जखमेला आणि पिकाच्या नुकसानीला सरकारी मदत मिळते. आता असा रुग्ण आला की मी नातेवाइकांना आधी हेच सांगते : वन कार्यालयाला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या, दवाखान्याचा एकही कागद टाकू नका.

जंगलही काही कमी सोसत नाही. २०१७ च्या डिसेंबरात बोरचा ‘बाजीराव’ हा नामांकित वाघ बाजारगावजवळ महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. १३८ चौरस किलोमीटरात वाघ मावत नाही. त्याला बाहेर पडावंच लागतं. बाहेर पडला की समोर आपला रस्ता असतो.

पुढे मला वाघीणही दिसली. मिनिटभर रस्त्यावर चालली आणि बांबूत शिरली. अंगावर काटा आला, डोळे भरून आले. तरीही बोर म्हटलं की आधी आठवतो तो गेटवर डोळे चोळत उभा असलेला गाइड.

तुमच्या सुट्टीत बोरला जरूर या. रात्री जंगलालगतच्या रस्त्यावर गाडी हळू चालवा. जेवण गावातल्या घरी सांगा. गाडीत गाइड चढला की वाघ कुठे आहे ते विचारालच. त्याआधी त्याला एवढं विचारा, रात्री वावरात काय झालं?