नल्लकुंट्याचे गतिरोधक आणि आमची आल्टो

नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत काळं तळं. ‘नल्ल’ म्हणजे काळा, ‘कुंटा’ म्हणजे छोटं तळं. आज ते तळं शोधून सापडणार नाही. पण हुसेनसागराचं जादा पाणी मुसी नदीकडे नेणारा नाला याच बाजूने जातो, आणि मोठा पाऊस झाला की सखल गल्ल्यांत पाणी साचतं. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्रीचा पाऊस इकडचं कुणीच विसरलेलं नाही.

बाहेरून येणाऱ्याला नल्लकुंट्याच्या तीन खुणा सांगतात. पहिली फीवर हॉस्पिटल. जुने लोक त्याला अजून ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. क्वारंटाइनचं हे इथलं रूप. त्याला नाव आहे सर रोनाल्ड रॉस यांचं, ज्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला. दुसरी खूण शंकर मठ. तिसरी उस्मानिया विद्यापीठ, विद्यानगर ओलांडलं की लागणारं. मराठी माणसाला चौथी खूणही सांगता येईल. शेजारची डी.डी. कॉलनी म्हणजे दुर्गाबाई देशमुख कॉलनी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या त्या पत्नी. महाडकडचे सी.डी. अखेरच्या वर्षांत हैदराबादलाच राहिले आणि १९८२ मध्ये इथेच गेले.

मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात, मग हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानियात तिकडची मुलं शिकायला येत. काहीजण नोकरीला लागून काचीगुडा, बरकतपुरा, नल्लकुंटा या पट्ट्यात राहिले. आमचं घर त्यांतलंच. आमचे नातेवाईक अजून उमरग्याकडे आहेत, आणि तिकडे जायला घरात एकच गाडी आहे: बाबांची २००६ ची आल्टो.

हैदराबादेत गाडीचं वय नंबरप्लेटवरूनच कळतं. २०१४ च्या जूनपर्यंत एपी, मग टीएस, आणि २०२४ च्या मार्चपासून टीजी. आमच्या प्लेटवर अजून एपी आहे. १५ वर्षं झाल्यावर, २०२१ मध्ये, तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. बाबा सत्तरी ओलांडलेले. रोज सकाळी शंकर मठ आणि आठवड्यातून एकदा कोठीचा पुस्तकबाजार, दोन्ही ते स्वतः गाडी चालवत करतात.

२०२५ च्या मे महिन्यात उमरग्याला लग्न होतं. पाच माणसं, सामान, जाताना दोनशेहून जास्त किलोमीटर. नेमका त्याच सुमारास मागून ‘खट्ट’ आवाज यायला लागला. एका मोठ्या गॅरेजने गाडी वर न उचलताच दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले. धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘बाबा, आता विकून टाकू या.’’ बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून गाडीची वही काढून माझ्यासमोर ठेवली. पेट्रोल, ऑइल, टायर, सगळं तारखेनिशी. शॉकअप २०२२ मध्येच बदललेले होते.

माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. तिथला नियम सोपा आहे: काही बदलण्याआधी दोष मुद्दाम पुन्हा घडवून बघायचा. गाडीलाही तोच लावला. आल्टोच्या मागच्या भागात चार गोष्टी आहेत. दोन्ही चाकांना जोडणारा आडवा आस. गाडीचं वजन पेलणारी गुंडाळी स्प्रिंग, दोन्ही बाजूंना एकेक. स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉकअप. आणि आसाला जागेवर धरणारे दांडे: दोन पुढून मागे जाणारे आणि एक आडवा. दांड्यांच्या टोकांना रबरी बुश असतात.

पहिली तपासणी घरासमोर. चारही टायरची हवा सारखी केली, डिकी रिकामी केली, गाडी सपाट फरशीवर उभी केली. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेप धरला. मागची डावी बाजू उजवीपेक्षा दोन सेंटिमीटर खाली. मग मागचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडला. दोन्ही कोपरे एकदा वर येऊन थांबले. शॉकअप संपला असेल तर गाडी डुलत राहते, आणि बऱ्याचदा त्याच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं. इथे दोन्ही नळ्या कोरड्या होत्या.

दुसरी तपासणी फीवर हॉस्पिटलच्या बाजूच्या गतिरोधकांवर. सकाळी सहाला, काचा खाली, रेडिओ बंद, आई मागच्या सीटवर कान देऊन. सरळ गेलो तर आवाज जेमतेम. तिरकं जाऊन एकेक चाक चढवलं, की डावीकडून स्वच्छ खट्ट. आई म्हणाली, ‘‘माझ्या सीटच्या खालीच वाजतंय रे.’’

तिसरी उस्मानियाच्या रुंद रस्त्यावर. आडव्या दांड्याचे बुश झिजले तर लेन बदलताना गाडीची शेपटी मागून हलल्यासारखी वाटते. तसं काही जाणवलं नाही. टायरवर हात फिरवला. खोलगट झीज नव्हती. शॉकअप कमजोर असले की टायर तसा लाटालाटांनी झिजतो.

ही टिपणं घेऊन आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी दोन सेंटिमीटर ऐकले आणि हसले. ‘‘शॉकअप कू वजन नै रहता भाई, वजन स्प्रिंग पे रहता.’’ सगळं निदान त्या एका वाक्यात आलं. गाडी एका बाजूला बसली असेल तर आधी स्प्रिंग बघायची.

गाडी जॅकवर चढवून त्यांनी आधी खाली स्टँड लावले, मगच ते आत शिरले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, कधीही जाऊ नये. डाव्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटला होता आणि तुकडा रबरी बैठकीत अडकून बसला होता. खड्ड्यातला खडा उडतो, स्प्रिंगवरचा रंग टवकारतो, बैठकीत पाणी आणि चिखल साचतो. गंजाचा बारीक खळगा पडतो आणि हजारो हेलकाव्यांनी तिथूनच पोलाद चिरत जातं. साचल्या पाण्यातून वर्षानुवर्षं गेलेल्या गाडीला हे होणारच. गावात हा दोष फक्त वाजतो. पण तुटलेलं टोक जागेवरून सरकून टायरला लागलं, तर हायवेवर टायर फुटू शकतो. नवे शॉकअप घालून आम्ही निघालो असतो, तर तुटलेली स्प्रिंग आमच्याबरोबर उमरग्यापर्यंत आली असती.

स्प्रिंग एकच तुटली तरी जोडी बदलतात, नाहीतर जुनी आणि नवी उंची जुळत नाही. आम्ही दोन्ही बदलल्या, आणि लांब दांड्यांचे चिरलेले बुशही. शेवटी मिस्त्रींनी एक गोष्ट केली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. बुशांचे बोल्ट त्यांनी आधी सैल ठेवले, गाडी चाकांवर उभी केली आणि मग ते पक्के आवळले. चाकं लटकत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काम कुठेही करून घ्या, हे एवढं जरूर विचारा. शिवाय तुटलेला भाग मागून घ्या आणि डोळ्यांनी बघा.

पुन्हा टेप धरला, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या होत्या. जहीराबाद, हुमनाबाद करत आम्ही लग्नाला वेळेत पोचलो. जाताना हायवेवर बाबांनी चालवली, येताना मी. परतल्यावर त्यांनी वहीत लिहिलं: ‘मागील स्प्रिंग जोडी, बुश. कारण डावी तुटली.’ इतर नोंदींपुढे नुसता खर्च होता, या नोंदीपुढे पहिल्यांदाच कारण होतं.

गाडीची नोंदणी २०२६ मध्ये पुन्हा वाढवावी लागणार आहे. तेव्हा ठेवायची की द्यायची, हा प्रश्न घरात पुन्हा निघेल. भावाचं म्हणणं चुकीचं नाही. या गाडीत एअरबॅग नाही आणि बाबांचं वयही वाढतंय. आमचं एवढंच ठरलंय की निर्णय आवाजाला घाबरून घ्यायचा नाही. आधी टेप, वही आणि सकाळी सहाचे नल्लकुंट्याचे गतिरोधक, मग चर्चा. आणि त्या चर्चेत शेवटचा शब्द बाबांचा.